शाळा सुटल्यानंतरचे तीन तास

मुलांच्या शिक्षणाविषयी आपल्याकडे जी अखंड चर्चा चालते, ती शाळेच्या घंटेपाशी सुरू होते आणि घंटेपाशीच संपते. अभ्यासक्रम कोणता असावा, परीक्षा असावी की नसावी, पहिलीपासून किती भाषा शिकवाव्यात, लहान मुलांचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवावेत की नाही, या प्रत्येक प्रश्नावर समित्या बसल्या, आदेश निघाले, वादही यथास्थित झाले. शाळा सुटल्यानंतर मूल कोठे जाते हा प्रश्न मात्र कोणत्याही खात्याचा नाही. शिक्षण खात्याच्या लेखी पाच वाजता मूल घरी पोचलेले असते. त्या वेळी घरी कोणीच नसते, ही गोष्ट त्या खात्याच्या नोंदवहीत येत नाही.

‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क’ या २००९ च्या अधिनियमाने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाकाठी किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. वर्षाचे तास होतात ८,७६०. रोजचे नऊ तास झोपेसाठी वजा केले, तरी मुलाच्या जागेपणाचे सुमारे साडेपाच हजार तास उरतात. म्हणजे कायद्याने ठरविलेल्या या हिशेबात जागेपणाच्या पाच तासांमागे पुरता एक तासही अध्यापनाच्या वाट्याला येत नाही. बाकीच्या काळातून जेवणखाण, जाणे-येणे, सणवार बाजूला काढल्यावर जे राहते, त्यातील सर्वांत मोलाचा आणि सर्वांत बेवारस भाग म्हणजे शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून परतेपर्यंतचे तीन तास.

हे तीन तास सर्व घरांत सारखे जात नाहीत. ज्यांस परवडते त्यांनी ते शिकवणीवर्गांच्या स्वाधीन केले आहेत. त्यातही सगळीच हौस गुणांची नसते. नवराबायको दोघेही साडेसातच्या लोकलने परतणार, तोपर्यंत मुलगा निदान चार भिंतींत नि कोणाच्या तरी नजरेखाली असावा, एवढ्यासाठीही पुष्कळ पालक वर्गाची फी भरतात. गणित हे निमित्त असते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांस प्रवेश देऊ नये असे त्यांत बजावले. हेतू चांगला होता. परंतु त्या मुलाने संध्याकाळी मग जावे कोठे, हे सांगणारे तत्त्व काही त्यासोबत आले नाही.

ज्यांस फी परवडत नाही त्यांच्या मुलांच्या गळ्यात घराची किल्ली असते आणि हातात, असलाच तर, घरातला जुना मोबाइल. मुलीची गोष्ट आणखी निराळी. तिचे तीन तास मुळी रिकामे नसतातच. नळाला पाणी येण्याची वेळ तीच असते, धाकटे भावंड अंगणवाडीतून केव्हाच परतलेले असते आणि आई येण्यापूर्वी कणीक भिजलेली असावी लागते. आपल्याला खेळावयास वेळ मिळत नाही अशी तक्रार ती करीत नाही, कारण तो मिळावयास हवा असे तिला कोणी कधी सांगितलेलेच नसते.

शाळेत कमी पडलेले या वेळात भरून निघावे, ही अपेक्षा तर फारच दूरची. २०२३ साली ‘असर’च्या पाहणीत चौदा ते अठरा या वयोगटातील सुमारे चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा, स्वतःच्या प्रादेशिक भाषेतला मजकूर सरळपणे वाचता आला नाही. ही पाहणी देशातील निवडक ग्रामीण जिल्ह्यांपुरती होती. पण आपल्या वर्गातील मागच्या बाकांकडे पाहणाऱ्या कोणाही शिक्षकाला त्या निष्कर्षाचे आश्चर्य वाटू नये. आठवीच्या तासाला बसलेल्या अशा मुलाला आठवीच्याच धड्याची आणखी एक शिकवणी देऊन काही साधत नाही. त्याला शेजारी बसून, न हसता, त्याच्याबरोबर वाचणारे एक माणूस हवे असते आणि ते वर्गाच्या वेळापत्रकात बसत नाही.

जुनी सोय आणि तिच्या मर्यादा

पूर्वी असे नव्हते, हे वाक्य येथे हटकून येते. ते अर्धेच खरे आहे. चाळीच्या गॅलरीत दहा बिऱ्हाडांचे डोळे असत. गल्लीच्या टोकाला तालीम असे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्था १९१४ पासून उभ्या होत्या. संध्याकाळच्या मैदानावर कोठे संघाची, तर १९४१ नंतर कोठे सेवादलाची शाखा भरे. या साऱ्यांनी पिढ्या घडविल्या, हे त्यांच्या विचारांशी न पटणाऱ्यांनीही कबूल करावे. तथापि त्या तालमीत मुलगी जात नसे, आणि कोणत्या आळीचे पोर कोणत्या अंगणात खेळू शके, हेही ठरलेले असे. गेलेल्या दिवसांविषयी हळहळताना दाराबाहेर उभी राहिलेली ही मुले आपण सोयिस्करपणे विसरतो.

त्या काळातले अधिक उपयोगी उदाहरण मुंबईच्या नागपाड्याचे आहे. १९२० च्या दशकात क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने तेथे ‘नेबरहुड हाउस’ चालविले. वस्तीच्या मध्यभागी एक घर आणि त्याची दारे जातिधर्म न विचारता वस्तीला उघडी, अशी ती कल्पना. तेथे प्रश्न प्रथम वस्तीला विचारला जाई, उपक्रम त्यानंतर ठरे. या कामाला प्रशिक्षित माणसे लागतात, ती केवळ दयाबुद्धीवर निपजत नाहीत, हे ध्यानात आले, तेव्हा १९३६ साली त्याच इमारतीत समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली. आज देवनारला असलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा जन्म असा एका वस्तीच्या संध्याकाळच्या गरजेशी जोडलेला आहे. त्याच नागपाड्याच्या गल्ल्यांतून पुढे अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर यांच्यासारखे बास्केटबॉलपटू आले. दाट वस्तीत एक मैदान मुलांसाठी नेमाने उघडे राहिले, तर काय होऊ शकते, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर बालभवने आली. दिल्लीचे राष्ट्रीय बालभवन १९५६ चे. मुंबईत चर्नी रोडला जवाहर बालभवन उभे राहिले. पुण्यात सारसबागेजवळ गरवारे बालभवन १९८५ पासून चालू आहे. तेथील कामाविषयी आदरच आहे. पण बालभवनाची कल्पना शहराला एक, अशी राहिली. हडपसरच्या मुलाला सारसबागेत कोणी आणून सोडावे? त्याला घेऊन येण्याइतकी सवड आईला असती, तर त्याला बालभवनाची निकड एवढी भासली नसती. शाळेनंतरची सोय चालत जाण्याच्या अंतरावर असावी लागते. रस्ता ओलांडावा लागला, तर लहान मुले गळतात आणि काळोख पडल्यावर परतावे लागले, तर मुली.

कुलूप कोणाच्या हाती?

चालत जाण्याच्या अंतरावर जागा नाही, असे मात्र नाही. तेथे शाळाच आहे. प्रत्येक शाळेला क्रीडांगण व ग्रंथालय असावे, असे २००९ च्या कायद्याचे परिशिष्ट सांगते. ज्या शाळांना ती आहेत, त्यांच्याही फाटकाला संध्याकाळी कुलूप लागते. फाटकाबाहेर रस्त्यावर मुले मोटारी चुकवीत चेंडू खेळतात आणि आत सार्वजनिक पैशाने बांधलेले मैदान मोकळे पडलेले असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळांच्या इमारती शिकविण्याच्या वेळेखेरीज समाजाच्या उपयोगासाठी खुल्या कराव्यात, त्यांचे ‘सामाजिक चेतना केंद्र’ व्हावे, असे म्हटले आहे. धोरणात असे म्हणणे सोपे आहे. फाटक उघडावयाचे, तर मुख्याध्यापकाने किल्ली द्यावी लागते, आणि तो ती का देत नाही हे समजून घेतल्याखेरीज पुढे जाता येणार नाही.

त्याची बाजू खोटी नाही. खिडकीची काच फुटली, तर भरपाई कोणाकडून घ्यावयाची? वीजबिल वाढले, तर कोणत्या सदरात दाखवावयाचे? शिपाई एकच, तो सकाळी साडेनऊला आलेला. उद्या एखादे मूल घसरून पडले, तर चौकशी कोणाची? आणि २०२४ साली बदलापूरची घटना घडल्यापासून पालकांच्या मनातली धास्ती खरी आहे. ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. म्हणून कुलूप लावणे हा त्याच्या दृष्टीने एकमेव निर्धोक निर्णय ठरतो. त्याला दोष देऊन फाटक उघडणार नाही. पाचनंतरची जबाबदारी लेखी स्वरूपात दुसऱ्या कोणी तरी घेतली पाहिजे. हे ‘दुसरे कोणी’ व्यक्ती असून चालणार नाही, ती त्या वस्तीची मान्यताप्राप्त समिती हवी. अशी समिती नव्याने शोधावयाचीही गरज नाही. विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि तिने शाळेचा विकास आराखडा करावा, हे कायद्यानेच सांगितले आहे. हा आराखडा बहुतेक ठिकाणी वर्गखोल्या, स्वच्छतागृहे नि कुंपणभिंत यांपाशी थांबतो. त्यात संध्याकाळी पाच ते आठचे एक पान घालण्यास कायदा कोठेही आडवा येत नाही.

शिक्षक वाचकांच्या मनात येथे शंका आली असेल, की निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणे यांच्यात हे आणखी एक ओझे. तसे मुळीच होऊ नये. दिवसभर शिकवून दमलेल्या शिक्षकाला पुन्हा संध्याकाळी जुंपणे हे त्याच्यावर अन्यायाचे आणि मुलांच्याही तोट्याचे आहे. शाळेनंतरची शाळा, असे या कामाला रूप आले, तर मुले पहिल्याच आठवड्यात पळतील, आणि त्यांचे चुकणार नाही. हे काम वस्तीतील ताई-दादांचे आहे. दूरस्थ शिक्षणाने पदवी घेणाऱ्या, बालवाडीचे प्रशिक्षण झालेल्या कितीतरी तरुण मुली प्रत्येक वस्तीत आहेत. मुंबईत १९८८ पासून ‘डोअर स्टेप स्कूल’ने आणि पुण्यात कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीत पालकनीती परिवाराच्या ‘खेळघरा’ने जे केले, ते अशाच माणसांच्या बळावर. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही येथे स्थान आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास द्यावयाचे असतात. ते एखाद्या गावात सात दिवस खड्डे खणून पुरे करण्याऐवजी आठवड्यातून दोन संध्याकाळी, त्याच दहा मुलांबरोबर, वर्षभर घालविले, तर दोन्ही पक्षांना काही तरी मिळेल. मात्र विद्यार्थी हे दुसरे हात. रोज दार उघडणारे माणूस एकच आणि पगारी असावे. एका वेळी दोन प्रौढ व्यक्ती हजर, त्यांची पोलिस पडताळणी झालेली, दारे उघडी, आणि कोणते मूल कोणाबरोबर घरी गेले याची रोजची नोंद, एवढे नियम पाळले, तर मुख्याध्यापकाची निम्मी भीती कमी होईल.

विचारावयाचे कोणाला?

आपल्याकडे ‘मुलांसाठी काही तरी करू’ असे ठरले, की प्रथम उद्घाटनाची तारीख ठरते आणि मग कॅरम बोर्ड येतो. नियोजन या शब्दाचा अर्थ आपण खरेदी असा करून घेतला आहे. वस्तीचे नियोजन पायी चालून होते. आठ दिवस संध्याकाळी साडेपाच वाजता समितीच्या चार जणांनी गल्ल्यांतून हिंडावे आणि कोणते मूल कोठे आहे, ते नुसते लिहून काढावे. मैदान आहे, पण ते वीस-बावीस वर्षांच्या क्रिकेटवाल्यांनी अडविले आहे, हे त्यात दिसेल. नगरसेवकाच्या नावाची अभ्यासिका आहे, पण ती स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांनी भरून गेली आहे आणि बारा वर्षांच्या मुलाला तेथे कुजबुजण्याचीही मुभा नाही, हेही दिसेल. (त्या उमेदवारांचे तरी काय चुकले? वरळीच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला ‘अभ्यास गल्ली’ हे नाव पडले, ते घरात जागा नसलेली मुले तेथे दिव्याखाली पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक घेऊन बसत आली, म्हणून.) मुलींना विचारले, तर कळेल, की धाकट्या भावाला बरोबर आणू दिले, तरच त्या येऊ शकतात, आणि पाण्याची वेळ टाळून सहा वाजता सुरू केले, तर अधिक येतील. मुलांना विचारले, तर पहिल्या प्रथम भूक निघेल. दुपारचा पोषण आहार एक वाजता पोटात गेलेला असतो. साडेपाचला मूठभर चणे-शेंगदाणे नि गुळाचा खडा मिळणार असेल, तर हजेरीसाठी निराळा खटाटोप करावा लागणार नाही. यातली एकही गोष्ट मंत्रालयात बसून कळण्याजोगी नाही.

गावाने मनावर घेतले, तर काय होते, ते सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने दाखविले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ग्रामसभेत ठरले आणि रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत घरोघरी दूरदर्शन संच नि मोबाइल बंद, आणि मुले अभ्यासाला. या उपक्रमाचे कौतुक पुष्कळ झाले. त्यातील शिस्तीचे अधिक झाले. आमच्या मते त्यातला खरा भाग निराळा आहे. मुलाने मोबाइल ठेवावा म्हणून बापाने मालिका बंद केली, आणि ते कोणाच्या हुकमाने नव्हे, तर सभेत ठरवून, घरोघर जाऊन समजावून केले. उणीव काढावयाची, तर एवढीच, की दीड तास पुस्तकापुढे बसणे म्हणजेच मुलाची सर्व संध्याकाळ नव्हे. त्याआधीच्या दोन तासांच्या खेळाचा भोंगाही कोठे तरी वाजावयास हवा. शेजारच्या कर्नाटकाने ग्रामपंचायतींच्या वाचनालयांत मुलांना विनामूल्य सभासदत्व देऊन हे दुसऱ्या बाजूने साधण्याचा प्रयत्न २०२० पासून चालविला आहे. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे आणि अनुदान घेणारी ग्रंथालये खेडोपाडी आहेत. त्यांतील किती जणांच्या बालविभागात मुलाला स्वतःच्या हाताने कपाटातले पुस्तक काढता येते, हे वाचकांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे.

आता पैशाचे. एका शाळेत साठ मुले येतील, असे धरू. दोन ताईंना दरमहा प्रत्येकी आठ हजार रुपये मानधन दिले, तर दहा महिन्यांचे एक लाख साठ हजार होतात. खाऊला डोईमागे आठ रुपये धरले, तर २२० दिवसांचे एक लाख साडेपाच हजार. पुस्तके, चेंडू, दोरी, रंग, फुटलेल्या काचा आणि वीज यांसाठी चाळीस हजार ठेवा. सारे मिळून वर्षाला सुमारे तीन लाख. ही रक्कम मोठी की लहान, ते ठरविण्यासाठी आपल्या प्रभागातील रस्त्याकडेला लावलेले कामांचे फलक आणि त्यांवरचे आकडे एकदा सावकाश वाचावेत. ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवण्याचा दंडक आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी आपल्या प्रभागाची कामे अंदाजपत्रकासाठी सुचविण्याची पद्धत आहे. पण तेथे नागरिक सुचवितात ते बाक, दिवे, पदपथ. त्यात नागरिकांचाच दोष आहे असे नाही. बांधकामाचे देयक सहज निघते, माणसाच्या मानधनाचे निघत नाही. अंदाजपत्रकाला वास्तू कळते, माणूस कळत नाही. म्हणूनच समाजमंदिरे बांधली जातात आणि बंद राहतात.

ज्येष्ठ नागरिकांनी या बाबतीत आपल्याला धडा घालून दिला आहे. त्यांनी संघ काढले, निवेदने दिली, निवडणुकीच्या वेळी उमेदवारांना बोलावून विचारले, आणि बागेबागेत विरंगुळा केंद्रे मिळविली. ती मिळाली, हे योग्यच झाले. बारा वर्षांच्या मुलाला मत नाही, निवेदन लिहिता येत नाही, आणि त्याचे आईबाप सभेच्या वेळी लोकलमध्ये असतात. त्याच्या वतीने बोलण्यासाठी एकच सभा हाती आहे, ती प्रभाग समितीची. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत ती बंधनकारक केली. परंतु २०२२ नंतरची काही वर्षे अनेक महापालिका प्रशासकांच्या हाती गेल्या. त्याआधीही या समित्यांच्या बैठकीत संध्याकाळच्या मुलांचा विषय निघाल्याचे फारसे ऐकिवात नाही. विरंगुळा केंद्रातील निवृत्त शिक्षक नि कारकून मंडळींनीच हा विषय लावून धरला, तर त्यांना कोणी अडवू शकणार नाही. त्यांच्याकडे वेळ आहे, पत्र लिहिण्याची सवय आहे, आणि नातवंडेही आहेत.

सर्व शहरात एकदम करण्याची घाई नको. एका प्रभागात एक शाळा, एक वर्ष, एवढेच पुरे. शाळेचा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी तीन महिने तयार व्हावा, असे केंद्राच्या आदर्श नियमांत आहे. म्हणजे तो डिसेंबरअखेर हाती हवा. संध्याकाळचे पान त्यात घालावयाचे, तर पावसाळा ओसरताच गल्ल्यांतून हिंडून नोंदी कराव्या लागतील आणि नोव्हेंबरच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय यावा म्हणून कोणा एका पालकाला अर्ज द्यावा लागेल. मुख्याध्यापक पहिला प्रश्न किल्लीचा विचारतील. त्याचे उत्तर, दोन ताईंची नावे आणि फुटलेल्या काचेची तरतूद त्या अर्जालाच जोडलेली असावी.